कैद्याचा वांशिक गट फॉर्मवर लिहिणं हाच भेदभाव नाही का?

तुमचा प्रश्न असा आहे की तुरुंगात आल्या आल्या माणसाला वंश विचारायचा, तो लिहून ठेवायचा आणि वर त्याचे आकडे छापायचे, हाच भेदभाव नाही का. शंका रास्त आहे, पण माझ्या मते नोंद हवीच.

फ्रान्सचं बघा. तिथे सरकार वंशाची नोंदच ठेवत नाही, कैद्यांचं नागरिकत्व तेवढं मोजतात. आता एखादा पोरगा जन्मानं फ्रेंच, पण आजोबा अल्जीरियातून आलेले, तर अशा पोरांना तुरुंगात जास्त टाकतात का हे सरकारी आकड्यांवरून कळायला मार्गच नाही, कारण कागदावर तो नुसता फ्रेंच. याउलट इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९१ च्या कायद्याने अशी माहिती छापणं सरकारला बंधनकारक आहे. म्हणूनच २०१७ साली ब्रिटिश खासदार डेव्हिड लॅमी यांच्या अहवालात ठामपणे मांडता आलं की अल्पसंख्य वांशिक गट लोकसंख्येत १४ टक्के, पण कैद्यांमध्ये २५ टक्के आणि कोठडीतल्या अल्पवयीन मुलांमध्ये तर ४० टक्क्यांच्या वर. हे आकडे नसते तर नुसतं आरोप-प्रत्यारोप चालू राहिले असते.

खरी गोची आहे ती रकाना कोण भरतं यात. कैद्याला विचारून भरला तर ठीक, पण समोरच्या अधिकाऱ्यानं नुसतं तोंडाकडे बघून टिक केली तर एकच माणूस पोलिसांच्या कागदावर एका गटात आणि तुरुंगाच्या कागदावर दुसऱ्याच गटात जातो, आईवडील वेगवेगळ्या वंशाचे असतील तर हमखास. अमेरिकेत हिस्पॅनिक, म्हणजे मूळ स्पॅनिशभाषक देशांतल्या, कैद्यांची वेगळी नोंद सगळीकडे सारखी होत नाही, काही ठिकाणी ते सरळ गोऱ्यांत मोजले जातात, मग गोऱ्यांचा आकडा फुगतो आणि तफावत आहे त्याहून कमी दिसते.

अजून एक गोष्ट जी बातम्यांमध्ये जवळपास कधीच सांगत नाहीत. समजा दोन गटांतले दरवर्षी १००-१०० जण आत जातात, पहिल्या गटातले सरासरी ६ महिने राहतात, दुसऱ्यातले २ वर्षं. तर कुठल्याही एका दिवशी मोजलं की पहिल्याचे ५० आणि दुसऱ्याचे २०० सापडतील! आत जाणारे सारखेच, फरक सगळा मुदतीचा. म्हणून एका दिवसाची शिरगणती आणि वर्षभरात किती आत आले हे दोन्ही छापायला पाहिजे, नाहीतर लोक त्यावरून "अमुक लोक जास्त गुन्हे करतात" असं बिनधास्त ठोकून देतात आणि ते वाचून मला खरंच वाईट वाटतं.

सांगायचं नसेल तर कैद्याला नकार देता यायला हवा आणि असे किती जण ते पण तक्त्यात दाखवायला हवं, कारण तो आकडा मोठा असेल तर बाकीच्या टक्केवारीवर विश्वास ठेवणं अवघड. आणि एखाद्या छोट्या तुरुंगात एखाद्या गटाचे दोनतीनच जण असतील तर तो आकडा झाकतात, तेही योग्यच आहे, कारण नाहीतर ते कोण हे आतल्या प्रत्येकाला लगेच कळेल.