अँटिगनी, दवंडी आणि कीर्तन

प्रश्न असा आलाय : सॉफक्लीजच्या ‘अँटिगनी’ या ग्रीक नाटकाबद्दल (राजा क्रेऑन अँटिगनीच्या भावाचं प्रेत पुरायला मनाई करतो आणि ती मनाई मोडते) जिथे तिथे ‘दैवी कायदा विरुद्ध मानवी कायदा’ असं वाचायला मिळतं. ‘दैवी कायदा’ हा शब्दप्रयोग बरोबर आहे का? त्याऐवजी ‘ईश्वरी नियम’ म्हणावं का? आणि ‘नियम’ हा शब्द ग्रीक ‘नोमोस’शी जोडलेलाच आहे ना?

शेवटचं आधी निकालात काढतो. नाही. नियम म्हणजे नि + यम्, आवरून धरणं. संयम हा त्याचा सख्खा भाऊ. नोमोस आला ‘नेमेइन’वरून, म्हणजे वाटून देणं. ज्याच्या त्याच्या वाट्याला आलेलं ते नोमोस, त्यावरून वहिवाट, त्यावरून कायदा. दोन्ही शब्दांत न आणि म आहेत, एवढंच काय ते नातं. तरी ही जोडी दर दोन महिन्यांनी कुणीतरी नवा शोध लागल्यासारखी मला पाठवतं. ग्रीकांशी सोयरीक हवीच असेल तर ‘कायदेकानू’तला कानू घ्या. अरबी कानून, त्यामागे ग्रीक ‘कानोन’, म्हणजे सरळ दांडा, मोजपट्टी. शिवकाळातल्या अष्टप्रधानांच्या कानुजाबत्यात, म्हणजे कामाच्या नियमावलीत, ग्रीक पट्टी निमूट बसलेली आहे, आणि आपण नियमाच्या मागे धावतोय.

आता ‘दैवी’. मराठी कानाला दैव म्हणजे नशीब. विमा आणि सरकारी कागदांत दैवी आपत्ती म्हणजे पूर, वीज, भूकंप. शोकांतिकेच्या संदर्भात हा शब्द टाकला की वाचक थेट प्राक्तनावर जातो, आणि अँटिगनी तर नशिबाबद्दल बोलतच नसते. एका लेखात ‘अस्मानी विरुद्ध सुलतानी’ असंही वाचलं. सुलतानी ठीक, क्रेऑनला शोभतं. पण अस्मानी? ती ज्या न्यायदेवतेचं, डिकेचं, नाव घेते ती ‘खालच्या देवांजवळ’ राहणारी आहे. प्रकरण प्रेताचं आहे, भावाच्या अंगावर मूठभर माती टाकण्याचं. आभाळाकडे बोट दाखवून काय उपयोग?

खरा घोटाळा ‘कायदा’ या शब्दात आहे, आणि तो दोन्ही बाजूंना एकच शब्द चिकटवल्यामुळे झालाय. ही जोडी जर्मन तत्त्वज्ञ हेगेलने 1807च्या ग्रंथात लोकप्रिय केली आणि तेव्हापासून सगळे ती सॉफक्लीजच्या तोंडी घालतात. हेगेल मोठा माणूस, मान्य. पण नाटक वाचताना त्याने शब्दांपेक्षा आपली चौकट जास्त पाहिली, असं माझं मत आहे. मूळ संवाद बघा. क्रेऑन विचारतो, मनाई पुकारली होती हे तुला ठाऊक होतं? ती म्हणते, होतं की, उघडच होतं. तो म्हणतो, तरी हे ‘नोमोस’ ओलांडायची हिंमत केलीस? त्यावर तिचं उत्तर : ही दवंडी काही झ्यूसने पिटली नव्हती, आणि तुझ्या ‘केरुग्मा’त, म्हणजे दवंडीत, एवढा जोर आहे असं मला वाटलं नाही की एका मर्त्य माणसाने त्यापायी देवांचे न लिहिलेले, न ढळणारे ‘नोमिमा’, म्हणजे रिवाज, ओलांडावेत.

तो नोमोस म्हणतो, ती केरुग्मा म्हणते. भांडण दोन कायद्यांचं नाहीच. याच्या हुकमाला कायदा म्हणायचं की नाही, याचं भांडण आहे! भाषांतरात दोन्हीकडे ‘कायदा’ घातला की तिचा टोला हवेत जातो. नाटकाच्या आठव्याच ओळीत, बहिणीशी बोलताना, तिने हाच शब्द वापरलाय आणि तो काढणाऱ्याला राजा न म्हणता सेनापती म्हटलंय. शिवाय दवंडी बदलता येते. तीच बहिणीला सांगते की शिक्षा भर गावात दगडांनी ठेचून मारण्याची आहे. प्रत्यक्षात क्रेऑन तिला गुहेत कोंडतो. न ढळणारं असं त्यात काय आहे?

आणि आता केरुग्मा. हा शब्द ‘केरुक्स’वरून, म्हणजे दवंडी पिटणारा, भालदार. डोरिक बोलीत तोच ‘कारुक्स’. त्याहून जुन्या मायसीनी काळातल्या ग्रीक लिपीत, ग्रीसमधल्या पायलॉसच्या मातीच्या पाट्यांवर, ‘का-रु-के’. आता ऋग्वेदाच्या नवव्या मंडलातली ती गोड ऋचा आठवा : ‘कारुरहं ततो भिषगुपलप्रक्षिणी नना’. मी कारू, बाप वैद्य, आई दळण दळते. हा कारू म्हणजे मोठ्याने स्तुती गाणारा, कवी. आपल्या बलुतेदारांतले कारू-नारू वेगळे. तो कारू ‘करणे’वाला, कारागीर. वेदातल्या शब्दांची फोड करणाऱ्या यास्काने इथे ‘कर्ता स्तोमानाम्’, म्हणजे स्तोत्रं करणारा, असं सांगून दोघांना एकाच दावणीला बांधलं. यास्काचार्यांना साष्टांग नमस्कार, पण हे पटत नाही. या कारूचं कूळ ‘कीर्ति’चं आहे. संस्कृत धातूंच्या यादीत, धातुपाठात, ‘कॄत संशब्दने’ दिलाय, म्हणजे मोठ्याने पुकारणं. त्यातूनच कीर्तयति आणि आपलं कीर्तन. भालदाराचं दुसरं काम काय असतं?

म्हणजे क्रेऑनचा केरुग्मा आणि आपलं कीर्तन एकाच घरातले! काही कोशकार ‘केरुक्स’च्या शेपटीतल्या ‘उक्’वर बोट ठेवून शब्द ग्रीकांच्याही आधीच्या कुठल्याशा लुप्त भाषेतला ठरवतात. ग्रीकमधला जो शब्द अडला तो या लुप्त भाषेच्या गाठोड्यात टाकायचा, ही सोय चांगली आहे. शेपटी उसनी असू शकते, मुंडकं ‘कारू’चं आहे, आणि मी यावर ठाम आहे.

गंमत पुढेच आहे. अँटिगनीने माणसाची पोकळ आरोळी म्हणून धुडकावलेला हाच शब्द चार-पाच शतकांनी नव्या करारात येतो तो देवाच्या संदेशाची घोषणा, प्रवचन या अर्थाने. ख्रिस्ती धर्मशास्त्रात केरुग्मा हा आजही भारदस्त शब्द आहे. आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांनी येशूची वार्ता सांगायला मराठीत कुठला प्रकार हाताशी धरला? कीर्तन. त्यांना ही व्युत्पत्ती ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं, म्हणून तर मला जास्त आनंद होतो.

हां, प्रश्न राहिलाच. ‘नोमिमा’ला ‘ईश्वरी नियम’ही नको. तो शब्द पाळायच्या रिवाजांचा आहे. त्याच कुळातला ‘नोमिझोमेना’ तर ग्रीक लोक मृताच्या अंत्यविधींसाठी सर्रास वापरत, आपण ‘क्रियाकर्म’ म्हणतो तसा. ‘धर्म’ चालेल, पण त्या शब्दावर इतकं काही लादलेलं आहे की प्रत्येकजण आपलंच काहीतरी वाचेल. मी ‘देवांच्या रीती’ म्हणेन. आणि क्रेऑनच्या हुकमाला तो स्वतः बोलत असेल तेव्हा ‘कायदा’, अँटिगनी बोलत असेल तेव्हा ‘दवंडी’. शेवटाकडे, आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियस बजावून गेल्यावर, क्रेऑन घाबरून म्हणतो की घालून दिलेले नोमोस आयुष्यभर पाळणंच बरं. तिथे मात्र कायदा लिहू नका, रीतच लिहा. तोवर त्याचा शब्द तोच राहून अर्थ तिच्या बाजूला गेलेला असतो.