वजन उतरलं की मित्र मिळतील?

"वजन कमी झालं की चिडवणं थांबेल ना?" मी समुपदेशक; पालक मला हे इतक्या वेळा विचारतात, की हल्ली प्रश्न कानावर पडताच मी आधी मुलाकडे बघते. या वेळी मुलगा चौदा वर्षांचा, नववीतला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आई बोलत होती आणि तो दप्तर पोटाशी घट्ट धरून बसला होता.

आई बाहेर गेली तसा तो हसून म्हणाला, "मॅडम, खुर्ची मोडली तर भरून द्यावी लागेल का?" अर्ध्या तासात स्वतःवर असे चार-पाच विनोद झाले. इतरांनी हसायच्या आत आपणच हसवायचं, म्हणजे निदान घोळक्यात उभं तरी राहू देतात, हा त्याचा हिशेब. मधल्या सुट्टीत मात्र तो डबा घेऊन जिन्याखाली जायचा, कारण वर्गात कोणीतरी त्याचे घास मोठ्याने मोजायचं.

माझ्याही तोंडून सवयीने निघून गेलं, "दुर्लक्ष कर." तो म्हणाला, "तेच करतो. मग ते कानाजवळ येऊन बोलतात."

स्वीडिश-नॉर्वेजियन मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेयस यांनी १९७०च्या दशकात शाळांतल्या छळाचा अभ्यास सुरू केला. त्यांनी सांगितलेल्या तीन खुणा मी आजही तपासते: मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा केलेलं, आणि समोरचा बरोबरीचा नसताना केलेलं. इथे तिन्ही होत्या. म्हणूनच "दोघांना समोरासमोर बसवून मिटवून टाकू" हा वर्गशिक्षिकेचा बेत मी थांबवला. ज्याची ताकदच कमी, तो तिथे काय बोलणार? त्याऐवजी कुठे, कधी, कोण काय म्हणालं याची तारीखवार नोंद ठेवली आणि सुट्टीत त्या मजल्यावर एक शिक्षक थांबायला लागले.

आईला मी वजनाचा विषय डॉक्टरांवर सोपवायला सांगितलं. वाढत्या वयात मनाने ठरवलेली उपासमार नको, आणि ताटाकडे बघून टोमणे तर मुळीच नकोत. लाज वाटली की मूल कमी खातंच असं नाही, अनेकदा लपून खातं. मैदानही टाळतं. खेळाच्या तासाला याचं पोट नेमकं दुखायचं, ते यामुळेच. शिवाय मैत्री काही किलोंवर तहकूब ठेवणं मला पटत नाही. त्याला आज सोबत हवी होती.

मग आम्ही कागदावर त्याचा शाळेतला दिवस काढला. नकोशा जागा लाल. हिरवी एकच निघाली: प्रयोगशाळा. तिथे शेजारचा मुलगा त्याच्याकडून आकृत्या काढून घ्यायचा. "तो कसा आहे?" म्हटलं, तर "हसत नाही," एवढंच उत्तर. आठवडाभर आम्ही एकच वाक्य घोटलं, "डबा इथेच खायचा का?" विनोद न करता म्हणायचं. हेच त्याला सगळ्यात जड गेलं. पहिल्या दोन दिवशी तो न विचारताच परतला.

परवा आला तो तक्रार घेऊनच. तो मुलगा म्हणे इतकी बडबड करतो, की सुट्टी संपते आणि डबा तसाच राहतो.