वेळापत्रक लावण्याआधी बसची वेळ विचारा

"विद्यार्थी म्हणून तुमच्या हातात असतं तर कॉलेज-युनिव्हर्सिटीचं शिक्षण आणि कॅम्पसवरचं वातावरण सुधारायला काय केलं असतं?" असा तुमचा प्रश्न आहे. मी बेळगावात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, खानापूर तालुक्यातून रोज ये-जा करतो. माझं पहिलं मागणं साधं आहे: वेळापत्रक बसच्या पासवर ये-जा करणाऱ्या पोरांना धरून लावा.

आमच्या वर्गात जांबोटी-कणकुंबीकडची पोरं आहेत, राज्याच्या हद्दीपलीकडून, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातली आहेत. केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल दुपारी सगळ्यात शेवटी. टायट्रेशनची, म्हणजे ब्युरेट नावाच्या काचेच्या नळीतून थेंबथेंब द्रावण सोडून मोजायच्या प्रयोगाची, तीन रीडिंग जुळायला हवीत, पण दुसरं घेईपर्यंत साडेचार वाजतात आणि कुणीतरी हळूच म्हणतं, "चल रे, गाडी जाईल." मग तिसरं रीडिंग ब्युरेटमधून न येता शेजारच्याच्या जर्नलमधून येतं. सर ओळखतात, पण काय बोलणार? तेच प्रॅक्टिकल सकाळी ठेवलं आणि थिअरी दुपारी, तर एक पैसा खर्च नाही. पावसाळ्यात तर हे हवंच. आमच्याकडचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला सांगायला नको.

गॅदरिंगची तालीम, क्विझ, एनएसएसची मीटिंग हे सगळं सुद्धा चारनंतर. त्यामुळे स्टेजवर दरवर्षी शहरातलीच तोंडं दिसतात आणि वर गावाकडची मुलं भाग घेत नाहीत म्हणून ऐकून घ्यायचं! आठवड्यातून एक दिवस मधले दोन तास मोकळे ठेवले तरी पुष्कळ. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या मुलींना सरकारी बसचं तिकीट माफ झालं, हे फार चांगलं झालं. पण फुकट गाडीही तिच्या वेळेलाच सुटते.

अभ्यासाचं बोलायचं तर गेल्या काही वर्षांत आमची खरी अडचण झाली ती अभ्यासक्रम बदलण्याची. २०२१ मध्ये कर्नाटकात नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे चार वर्षांच्या डिग्रीचा आराखडा आला, २०२४ मध्ये तो काढून परत तीन वर्षांवर आले. धोरण बरं की वाईट, यात मी पडत नाही. पण सीनियरच्या झेरॉक्स नोट्स आणि जुन्या प्रश्नपत्रिका यांवरच ज्यांचं भागतं, त्यांच्या हातात एकदम काहीच उरलं नाही. अभ्यासक्रम बदलला की प्रत्येक पेपरच्या दोन नमुना प्रश्नपत्रिका सेमिस्टर सुरू होतानाच द्यायला हव्यात, परीक्षेच्या तोंडावर नव्हे.

भाषेवर लिहिलं की इथं लगेच भांडण लागतं, म्हणून थोडक्यात. मराठी किंवा कन्नड माध्यमातून आलेलं पोर पहिल्या सेमिस्टरला इंग्रजीत लेक्चर ऐकतं आणि गप्प बसतं. आमच्या एक मॅडम आधी इंग्रजीत व्याख्या फळ्यावर लिहायच्या, मग कन्नडात सांगायच्या, मग मोडक्या मराठीत. हसू यायचं, पण एन्ट्रॉपी माझ्या डोक्यात शिरली ती त्याच तासाला. पहिलं सेमिस्टर तरी सगळ्यांनी असं शिकवावं.

तुम्ही कुठल्या कमिटीवर असाल तर एक करा. ॲडमिशनच्या फॉर्मवर दोन रकाने वाढवा: कुठून येता, आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता. वेळापत्रक लावणाऱ्या सरांच्या टेबलावर ती यादी जूनमध्येच पोचू दे.