पहिला अर्ज टाकण्याआधी

मुंबईची हवा आणि मुलांचा दमा, संशोधनाला विषय झकास निवडलायस. पण निधीसाठी दहा ठिकाणी अर्ज टाकू नकोस. दमा हा आरोग्याचा प्रश्न, म्हणून आधी आयसीएमआर (वैद्यकीय संशोधनाला निधी देणारी केंद्र सरकारची परिषद) बघ.

- प्रश्न नेमका हवा. "मुंबईचं प्रदूषण" हा प्रश्नच नव्हे. "देवनार कचराभूमीलगतच्या मुलांना दम्याचा त्रास जास्त होतो का?" हा प्रश्न.
- नैतिकता समितीची मंजुरी आणि पालकांची संमती यांना वेळ लागतो. (नवखे नेमके इथेच अडकतात.)
- बजेटमध्ये माणसं धर. माझ्या पहिल्या अर्जात हवा मोजायचं यंत्र होतं, ते चालवणाऱ्याचा पगार नव्हता! परीक्षकांनी तेवढंच पकडलं.

परदेशी निधी तूर्त नकोच. त्याला संस्थेची एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतच येतात. ते पुढे बघू. आधी एक पानी सारांश लिहून पाठव.