वाचक विचारतात : अपग्रेड तर झालं, आता ही स्किप्ड यादी कोण बघणार?

प्रश्न : आमच्याकडे सर्व्हिसनाऊ आहे, म्हणजे कंपनीची आयटीची कामं सांभाळणारा क्लाउड प्लॅटफॉर्म. वॉशिंग्टन डीसी या व्हर्जनवरून मधलं झानाडू सोडून थेट योकोहामावर जातोय, सध्या फक्त डेव्ह इन्स्टन्स (डेव्हलपमेंटसाठीची वेगळी प्रत) अपग्रेड झालाय. स्किप्ड रेकॉर्ड्सची यादी इतकी लांब आलीय की स्क्रोल करून संपत नाही. पण एरर एकही नाही, सगळं व्यवस्थित चालतंय. साहेब म्हणतात सगळे सिलेक्ट कर, रिव्ह्यूड मार्क कर आणि मोकळा हो. करू का?

उत्तर : नका करू. निदान सरसकट तरी नको.

आधी स्किप्ड म्हणजे काय ते बघू, कारण साहेबांचा गैरसमज तिथेच आहे. रेकॉर्ड मूळचं सर्व्हिसनाऊचं, तुमच्याकडे कुणीतरी कधीतरी त्यात बदल केला, आणि आता नवीन व्हर्जनमध्येही त्याच रेकॉर्डसाठी बदल आलाय. अशा वेळी प्लॅटफॉर्म तुमचा बदल ठेवतो आणि स्वतःचा बाजूला ठेवतो. म्हणूनच एरर येत नाही, सगळं जुन्यासारखंच चालतं, कारण ते जुनंच आहे! त्यात एखादा सिक्युरिटीचा फिक्स असेल तर तोही तुमच्यापर्यंत पोचलेला नाही, आणि रिव्ह्यूड हे नुसतं लेबल आहे, ते लावल्याने रेकॉर्डमध्ये एक अक्षर बदलत नाही. शिवाय तुम्ही एक व्हर्जन ओलांडलंय त्यामुळे दोन्ही व्हर्जनचे बदल एकदमच समोर आलेत, यादी लांबणारच.

आता एकेक रेकॉर्ड वरून खाली वाचत बसू नका. यादीत प्रायॉरिटीचा कॉलम असतो, १ ते ५, पण ती रेकॉर्डच्या प्रकारावरून ठरते, तुमच्या धंद्याला ते किती लागतं हे तिला माहीत नसतं. मी तर प्रकाराप्रमाणे ग्रुप करतो आणि आधी एसीएल (कुणाला काय बघता-बदलता येईल ते ठरवणारे नियम), मग स्क्रिप्ट इन्क्लूड (अनेक ठिकाणी वापरायचा सामायिक कोड) आणि बिझनेस रूल (रेकॉर्ड सेव्ह होताना वगैरे आपोआप चालणारं स्क्रिप्ट) असं बघतो. फॉर्म आणि लिस्टचे लेआउट शेवटी, बहुतेक वेळा ते तुमचेच ठेवायचे असतात, पटापट रिटेन करा, फक्त नवीन फील्ड आलंय का तेवढी नजर टाका.

वेळ घालवायचा तो स्क्रिप्टवर. समजा इन्सिडेंट (आयटीच्या तक्रारींच्या) टेबलवरचा एक बिझनेस रूल स्किप झालाय. रिझॉल्व्ह कॉन्फ्लिक्ट्स उघडा, बेस सिस्टिमचं, म्हणजे सर्व्हिसनाऊचं मूळ, आणि तुमचं शेजारी शेजारी दिसतं. तुमच्या बाजूला जास्तीची एकच ओळ, लॉग लिहिणारी, कुणीतरी डीबग करताना टाकलेली आणि काढायची राहून गेलेली. त्या एका ओळीपायी अख्खं स्क्रिप्ट तिथेच गोठलंय आणि त्यानंतरची एकही सुधारणा त्यात आलेली नाही. इथे विचार कसला करायचा, सरळ रिव्हर्ट टू बेस सिस्टिम. रेकॉर्ड परत अपग्रेडच्या रुळावर येतं. अशी रेकॉर्ड्स वाटतात त्यापेक्षा बरीच निघतात हो.

तुमचा बदल खरंच लागणारा असेल तर मर्ज करा, म्हणजे दोन्हीकडचे बदल एकत्र करा, पण मर्ज केलेलं रेकॉर्ड कस्टमाइझ्डच राहतं, पुढच्या वेळी सर्व्हिसनाऊने त्याला हात लावला की परत यादीत येणार. म्हणून आधी बघा की तोच बदल दुसरीकडे करता येतो का. उदाहरणार्थ इन्सिडेंट-युटिल्स-एसएनसी या स्क्रिप्ट इन्क्लूडमधलं मूळ लॉजिक लॉक केलेलं असतं आणि त्यावर बेतलेलं इन्सिडेंट-युटिल्स तुमच्या बदलांसाठीच मोकळं ठेवलंय, तिथे तेवढीच मेथड ओव्हरराइड करा, बाकीचं वरून येत राहील. आणि बदल का केला होता हेच कुणाला सांगता येत नसेल तर? मग ज्या टीमसाठी केला होता त्यांना विचारा, त्यांनाही आठवत नसेल तर डेव्हमध्ये रिव्हर्ट करून टेस्ट करा. भीतीपोटी ठेवलेलं कस्टमायझेशन सगळ्यात महाग पडतं.

काम सुरू करायच्या आधी वर कुठला अपडेट सेट (तुमचे बदल नोंदवून दुसऱ्या इन्स्टन्सवर न्यायचं गाठोडं) निवडलेला आहे ते बघा. डिफॉल्ट असेल तर सगळे रिव्हर्ट आणि मर्ज त्यात जाऊन पडतील आणि पुढे न्यायच्या वेळी शोधत बसाल. वेगळा सेट करा, तो टेस्ट आणि प्रॉडक्शनवर त्यांचं अपग्रेड झाल्यानंतरच कमिट, म्हणजे लागू करायचा, आधी नाही. प्रॉडक्शनची यादी मात्र पुन्हा उघडून बघा, तिथे कुणी रात्री घाईत थेट बदल केला असेल तर डेव्हमध्ये तो दिसलाच नसणार.

साहेबांना यादी दाखवू नका, दोन-तीन एसीएल आणि स्क्रिप्टचे फरक स्क्रीनवर दाखवा.

प्रश्न : या कटकटीपेक्षा मी मूळ बिझनेस रूलची कॉपी करतो, मूळ इनॅक्टिव्ह करतो आणि बदल कॉपीत करतो. मग स्किप्डमध्ये काही येतच नाही. बरोबर आहे ना?

उत्तर : अर्धं बरोबर. नुसतं ॲक्टिव्ह फील्ड बदललं तर ते कस्टमायझेशन धरलं जात नाही, मूळ रेकॉर्ड बंद राहूनही अपडेट होत राहतं. डिलीट करण्यापेक्षा हे केव्हाही बरं. पण तुमची कॉपी सर्व्हिसनाऊच्या लेखी तुमचंच नवीन रेकॉर्ड, मूळ कितीही बदललं तरी तुम्हाला कुणी सांगायला येणार नाही. यादी छोटी झाली, काम नाही. कॉपीच्या डिस्क्रिप्शनमध्ये मूळ रेकॉर्डचं नाव आणि कुठल्या व्हर्जनवरून कॉपी केली ते लिहून ठेवा, आणि दर अपग्रेडला अपग्रेड हिस्टरीत ते मूळ नाव शोधा. अपडेट झालेलं दिसलं तर दोन्ही स्क्रिप्ट शेजारी लावून तुम्हालाच बघावं लागेल.