कल्ल्यांनी की कल्ल्यांतून?

'मासा कल्ल्यांनी श्वास घेतो' आणि 'मासा कल्ल्यांतून श्वास घेतो', यांतलं बरोबर कोणतं, असा प्रश्न आला आहे. माझं मत 'कल्ल्यांनी'ला. आपण 'नाकाने' आणि 'नाकातून' दोन्ही म्हणतो, कारण हवा नाकातूनच आत शिरते. माशाचं तसं नाही. नाकपुड्या त्यालाही असतात, पण बहुतेक माशांत त्या फक्त वासापुरत्या.

काचेच्या टाकीतला मासा मिनिटभर निरखून पाहा. तोंड उघडतं तेव्हा गालांवरची झाकणं मिटलेली असतात. तोंड मिटलं की झाकणं उचलली जातात. पाणी तोंडाने आत, कल्ल्यांवरून पुढे आणि झाकणाखालून बाहेर. आल्या वाटेने परत जाणं नाही. तेव्हा 'कल्ल्यांतून' म्हणायचंच असेल, तर ते बाहेर पडणाऱ्या पाण्याबद्दल म्हणावं.

बोलण्यात बरेच जण त्या झाकणालाच कल्ला म्हणतात. खरा कल्ला आत दडलेला असतो: कमानीवर बसवलेला लालभडक कंगवाच जणू. हाडांचा सांगाडा असलेल्या बहुतेक माशांत दर बाजूला अशा 4 कमानी असतात. कंगव्याच्या दात्यांवर अतिशय पातळ पापुद्रे, आणि त्यांतलं रक्त पाण्याच्या उलट दिशेने वाहतं. खरी गंमत या उलटेपणात आहे. रक्त पुढे सरकेल तसतसं त्याला अधिकाधिक ताजं पाणी भेटतं, त्यामुळे ऑक्सिजन शेवटपर्यंत रक्तात शिरत राहतो. एवढा खटाटोप लागतोच, कारण लिटरभर हवेत सुमारे 210 मिलिलिटर ऑक्सिजन असतो, तर लिटरभर गार, गोड्या पाण्यात जेमतेम 7-8. तोही विरघळलेला, मासा पाण्याचा रेणू फोडत बसत नाही. 'पाण्यातला ऑक्सिजन' या मोघम शब्दांनी तो गैरसमज मात्र फार पसरवलाय.

आता शब्दाबद्दल. हिंदीत 'कल्ला' म्हणजे जबडा. मराठीत गालांवर राखलेल्या केसांनाही कल्लेच म्हणतात. जागा तीच, गालाची. गोंगाटाचा 'कल्ला' यात ओढू नये. परिभाषेत 'क्लोम' हा शब्द आहे, पण आयुर्वेदातलं क्लोम निराळं आणि ते नेमकं कोणतं इंद्रिय यावर वैद्यांचंच एकमत नाही. मी तरी 'कल्ले'च लिहीन. शार्कला झाकण नसतं, नुसत्या उघड्या चिरा दिसतात; तिथे 'कल्ल्यांच्या फटी' म्हटलं की झालं.