नडगीच्या दुखण्यावर ऑपरेशन : होकार देण्याआधी

दादा, तुमच्या लिहिण्यावरून एवढं समजलं : पोरगं 19 वर्षांचं, पोलिस भरतीची तयारी चालू. दहा-बारा मिनिटं पळालं की दोन्ही नडग्या भरून येतात, थांबलं की पंधरा-वीस मिनिटांत मोकळ्या होतात. एक्स-रे साफ आहे, आणि डॉक्टरांनी फॅशिओटॉमी, म्हणजे स्नायूवरचं घट्ट आवरण कापून मोकळं करायचं ऑपरेशन, सुचवली आहे. मी परभणीकडं भरतीच्या पोरांचा सराव घेतो, डॉक्टर नाही, हे ध्यानात धरूनच पुढचं वाचा.

ऑपरेशन वाईट नाही. पण ते एकाच आजाराचं आहे आणि नडगी दुखायची कारणं चार. आपल्याकडं जाहिरात निघाली की पोरं एकदम डांबरी रोडवर रोज आठ-दहा किलोमीटर पळायला लागतात, तेही झिजलेल्या बुटांत. त्यातल्या बहुतेकांचं दुखणं शिन स्प्लिंटचं निघतं : नडगीच्या आतल्या कडेनं खाली वीतभर दुखतं. त्याला चाकू लागत नाही, पळणं कमी करावं लागतं. बोट ठेवावं अशा एकाच जागी दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. पहिले दोन-तीन आठवडे ती एक्स-रेत बहुतेकदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसते. म्हणून साफ एक्स-रेवर विसंबू नका.

तुमच्या पोराचं वर्णन मात्र कंपार्टमेंट सिंड्रोमशी जुळतं. पळताना स्नायू फुगतो, पण त्याच्यावरचं आवरण उशीच्या घट्ट अभ्र्यासारखं ताणत नाही. आत दाब वाढतो, रक्त पुरत नाही. हे निवांत बसलेल्या पायात दिसत नाही. त्याला दुखेपर्यंत पळवा आणि लगेच नडगीच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू अंगठ्यानं दाबून बघा. लाकडासारखा कडक लागतो का? अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात बधिर होतं का? चालताना पाऊल आपटतं, चप्पल निसटते का? डॉक्टरांनाही असाच पाय दाखवा.

खरी तपासणी म्हणजे सुई घालून दाब मोजणं. पळण्याआधी 15, पळून झाल्यावर एका मिनिटानं 30, पाच मिनिटांनी 20 मिलिमीटर पारा, यातला एक आकडा जरी गाठला तरी निदान धरतात. हे यंत्र सगळीकडं नसतं. संभाजीनगरला किंवा पुण्याला निघण्याआधी फोन करून विचारा, उगाच हेलपाटा नको. दुखणं पोटरीत असेल आणि पाऊल गार पडत असेल तर गुडघ्यामागची रक्तवाहिनी दबते का, तेही बघावं लागतं. त्यासाठीचा डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह बघायची सोनोग्राफी, पाय ताणून करायचा. नुसता झोपवून केला तर नॉर्मल येऊ शकतो. त्याचं ऑपरेशन वेगळं असतं.

दाब वाढलेलाच निघाला तरी आधी पळायची ढब बदलून बघायला हरकत नाही. 2012 साली अमेरिकेत छापून आलेल्या एका अभ्यासात 10 रुग्णांना सहा आठवडे टाचेऐवजी पुढच्या पावलावर पळायला शिकवलं आणि सगळ्यांचं ऑपरेशन टळलं. रुग्ण थोडेच होते, पण यात खर्च काहीच नाही. फक्त हळूहळू वाढवा, नाहीतर पोटऱ्या धरतात.

गुडघ्याखालचे स्नायू त्या आवरणाच्या वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. ऑपरेशनच ठरलं तर सर्जनला विचारा, कुठला कप्पा मोकळा करणार? पुढच्या कप्प्याचा निकाल चांगला लागतो, मागच्या खोल कप्प्याचा तेवढा नाही. पावलाच्या वरच्या भागाला जाणीव देणारी नस त्या वाटेनंच जाते, तिला धक्का लागू शकतो. काहींना त्रास परतही येतो. चालणं काही दिवसांत सुरू होतं, हलकं पळणं साधारण सहा-आठ आठवड्यांनी, पूर्ण जोरात पळायला तीनेक महिने धरा. मैदान चाचणी त्याआधी असेल तर तारीख सर्जनला स्पष्ट सांगा.

आणि एखाद्या दिवशी थांबल्यावरही दुखणं उतरेना, उलट वाढतच गेलं, बोटं नुसती वर-खाली ओढली तरी तो किंचाळला, तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री कॅज्युअल्टी गाठा.